पिवरं कार्ड

रोवणा लागला की आमच्याकडे घरी कुणी राहत नाही. भंडारा जिल्ह्यातलं, वैनगंगेच्या अलीकडचं आमचं गाव, सगळं धानाचं. पाऊस धरला की पऱ्हे उपटायचे, जुड्या बांधायच्या, चिखल केलेल्या बांधीत वाकून काडी काडी रोवायची. बायांची ओळ उलट्या पावलांनी मागे सरकत जाते. कंबर गेली तरी गाणं थांबत नाही. आणि या सगळ्या गडबडीत माझा दादा, मोठ्या बाबांचा, म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाचा मुलगा, अठरा वर्षांचा, मिसरूड फुटलेला, पन्नी पांघरून धुऱ्यावर बसलेला.

"नवरदेव बसला पाहा," बाया म्हणायच्या. त्याची आई, आमची मोठीआई, तीही त्यांच्यात सामील व्हायची. "कामचोर हाये मायबाई, का करतेस," असं म्हणून हसायची, आणि तेही सगळ्यांत मोठ्यानं. दादाही हसायचा. मी तेव्हा नऊ-दहा वर्षांची. दादा आळशी आहे हे मला दोनच्या पाढ्याइतकं पक्कं ठाऊक होतं.

रात्रीचं मात्र मी एकदाच पाहिलं. त्यांच्याकडे झोपायला गेले होते. मधल्या खोलीचं कवाड लावलेलं, दादा खाटेवर वाकडा झालेला, उशीचा कोपरा दातात धरलेला. मोठीआई चुलीत तापवलेली वीट फडक्यात गुंडाळून त्याच्या नडग्या शेकत होती. कोनाड्यातला रेडिओ भरपूर आवाजात चालू होता. इतक्या रात्री रेडिओ कशाला, असं विचारलं तर मोठे बाबा म्हणाले, "बातम्या ऐकून रायलो." बातम्या केव्हाच संपल्या होत्या. नुसती खरखर चालली होती.

दादाला सिकलसेल होता. रक्तातल्या तांबड्या पेशी गोल असायच्या त्या विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांमध्ये अडकतात, आणि जिथे अडकतात तिथे माणूस कळवळतो. थंडी, ताप, अंगातलं पाणी कमी होणं, अतिश्रम, काहीही निमित्त पुरतं. पावसात चार तास चिखलात उभं राहणं म्हणजे तर आमंत्रणच. विळा आमच्याकडे घरोघरी आडव्या बल्लीला खोचलेला असतो, म्हणून या रोगाचं चित्र डोळ्यांसमोर आणायला मला कधी पुस्तक लागलं नाही.

पण हे सगळं मला कळलं ते दादा जाऊन नऊ वर्षं झाल्यावर.

घरच्यांनी आजार लपवला, एवढंच असतं तर मी त्यावर लिहायला बसले नसते. आजार कोण लपवत नाही? मला अजून उलगडत नाही ती अदलाबदल. आजारी म्हणवून घेण्यापेक्षा कामचोर म्हणवून घेणं त्यांना परवडलं. आणि हिशेब केला तर त्यात चूक काढता येत नाही. कामचोर पोराचं लग्न होतं. उलट लवकर होतं, "गळ्यात पडलं की सुधरते" म्हणून. कामचोराच्या बहिणींना कुणी नाकारत नाही. सिकलसेलवाल्याच्या बहिणींना मात्र नाकारतील. दादाच्या पाठीवर दोन बहिणी होत्या.

आमच्याकडे सोयरीक जुळवताना किती प्रश्न विचारतात! ओलित किती, कोरडवाहू किती, मामेकुळ कोणतं, पोराला नोकरी कायम की कंत्राटी, पोरीचा रंग, पोरीच्या आईचा स्वभाव. चौकशी करायला आलेला माणूस घरी येण्याआधी स्टँडवरच्या चहावाल्याकडे बसतो, न्हाव्याकडे बसतो. त्या दोघांना दादाचं माहीत नसेल? नागपूरच्या एका दवाखान्यात त्याला रक्त चढवायला नेताना गावातलीच जीप करायचे. त्याच्या डोळ्यांतलं पांढरं कायम हळदीच्या पाण्यासारखं दिसायचं. गावाला सगळं माहीत होतं. तरी कुणी भांजी मारली नाही. कारण चहावाल्याच्या घरात काय आहे ते मोठ्या बाबांना माहीत होतं, न्हाव्याच्या घरातलं चहावाल्याला. गाव अशा उधारीवर चालतं, आणि कुणी एकानं वसुली काढली तर सगळ्यांचंच दिवाळं निघेल हे प्रत्येकाला कळतं.

दादा २००१ च्या श्रावणात गेला, सव्वीस वर्षांचा असताना. गावात सांगितलं, कावीळ झाली. डोळे पिवळे होतेच, त्यामुळे खोटं बोलायला फार कष्ट पडले नाहीत. पुढच्याच वर्षी मोठ्या बहिणीचं लग्न झालं, २००५ ला धाकटीचं. दादाची सगळी कागदपत्रं मोठीआईनं चुलीत घातली असं माझी आई समजत होती. ते खरं नव्हतं, पण त्याकडे मी नंतर येते.

२०१० मध्ये मला दिवस गेले. ग्रामीण रुग्णालयात नाव नोंदवताना रक्त काढलं, बाकीच्या तपासण्यांबरोबर सिकलसेलचीही केली. पहिली साधी चाचणी पॉझिटिव्ह आली. त्या चाचणीत आजारी कोण आणि नुसता वाहक कोण हे कळत नाही, म्हणून पुढे इलेक्ट्रोफोरेसिसला पाठवलं. अहवाल आला, वाहक. नर्सनं एक पिवळं कार्ड हातात दिलं आणि समजावलं. तुला त्रास नाही, होणारही नाही बहुतेक. पण नवराही वाहक निघाला तर प्रत्येक खेपेला चारात एक शक्यता मूल आजारी निघण्याची. "प्रत्येक खेपेला बरं का," ती म्हणाली, "पहिलं चांगलं निघालं म्हणून दुसऱ्याची हमी नाही. नवऱ्याला घेऊन ये."

मी रुग्णालयाच्या ओट्यावरूनच आईला फोन लावला. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मोठीआईनं सांगतलं नाही का तुले? मले वाटलं, सांगतलं असंल."

या एका वाक्यावर मी पंधरा वर्षं विचार करते आहे. आईला दादाचा आजार माहीत होता, आणि मोठीआई मला सांगेल असं तिला वाटलं होतं. मोठीआईला वाटलं असणार, जाऊबाई आपल्या पोरीला सांगेल. मोठ्या बाबांनी माझ्या बाबांना सांगितलं होतं, पण बायांना यातलं काही कळलं नाही अशी दोघांची समजूत. आत्याला अर्धवट माहीत होतं. म्हणजे शेताच्या वाटणीसारखे त्या गोष्टीचे हिस्से पाडले होते, ज्याच्या त्याच्या वाट्याला थोडं थोडं. फक्त आम्हा पोरींची नावं सातबाऱ्यावर चढवायची राहून गेली. दादा आजारी, म्हणजे मोठे बाबा आणि मोठीआई दोघंही वाहक असणार. मोठे बाबा वाहक, तर त्यांचे सख्खे भाऊ, माझे बाबा, तेही असू शकतात. दादाच्या त्या नागपूरच्या कागदावर माझं रक्तही लिहिलेलं होतं. तो कागद जितका त्यांचा तितकाच माझा होता.

खूप राग आला. आणि त्या रागाच्या भरात मी काय केलं? कार्ड साडीच्या घडीत घातलं, साडी पेटीच्या तळाशी घातली आणि नवऱ्याला सांगितलं, "उद्या तुमचंही रक्त घेणार आहेत, सगळ्यांच्याच नवऱ्यांचं घेतात." तो गेला, रक्त दिलं. त्याचा अहवाल अगदी स्वच्छ आला. मूल आजारी होण्याचा प्रश्नच संपला, आणि त्याबरोबर सांगण्याची गरजही संपली असं मी ठरवून टाकलं. माझी धाकटी बहीण तेव्हा घरी होती, तिचं पाहायचं चाललं होतं. रेडिओचा आवाज मोठा करणाऱ्या माणसांवर चिडून मी माझा रेडिओ लावला.

बहिणीला तरी सांगितलं का? सांगितलं. तिच्या लग्नानंतर चार महिन्यांनी.

बाबांशी एकदा बोलायचा प्रयत्न केला. ते म्हणाले, "आपल्यात नसते हे." आपल्यात म्हणजे आपल्या जातीत. आमच्याकडे प्रत्येक जातीला हा रोग दुसऱ्या जातीचा वाटतो. आदिवासींचा म्हणतात, अमक्यांचा म्हणतात, तमक्यांचा म्हणतात. भारतात तो पहिल्यांदा नोंदला गेला १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींमध्ये, आणि मध्य भारतातली नोंद १९५८ ची. त्यानंतरच्या सगळ्या तपासण्यांत पूर्व विदर्भात तो कितीतरी जातीजमातींमध्ये सापडत आला आहे. त्याचं कारणही लाजण्यासारखं नाही. वाहक माणसाला जीवघेण्या मलेरियापासून काहीसं संरक्षण मिळतं. जंगल, तलाव, डास, वर्षातून दोनदा हिवताप असलेल्या मुलखात ज्या लेकरांच्या रक्तात हा अर्धा विळा होता ती जास्त जगली. आपण त्यांचीच पोरं. म्हणजे ज्यानं वंश तगवला तेच वंशाला तोंड दाखवायची चोरी होऊन बसलं. बाबांना हे सगळं समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि मग विचारलं, "पण आपल्यात नसते ना?"

गावातलं आणखी एक घर मला या संदर्भात नेहमी आठवतं. तिथल्या कर्त्या माणसानं आत्महत्या केली. आमच्या इकडच्या भाषेत अशा वेळी आधी "अटॅक आला" म्हणतात, तसंच त्यांनीही म्हटलं. पण सरकारी मदत मिळते १ लाखाची, ३० हजार हाती आणि ७० हजार ठेवीत, आणि तिच्यासाठी अटॅक चालत नाही. सातबारा लागतो, कर्ज लागतं, थकबाकी लागते. कर्जही बँकेचं, सोसायटीचं नाहीतर परवाना असलेल्या सावकाराचं. त्या बाईला तहसीलमध्ये बसून नवऱ्याची उधारी एकेक करून सांगावी लागली. त्यातली निम्मी तिलाच त्या आठवड्यात कळली होती. पाहुण्यांचे हातउसने, कृषी केंद्राची बाकी, बिनपरवान्याच्या सावकाराकडे ठेवलेले दागिने. त्यातलं बरंचसं फॉर्मच्या रकान्यात बसेना. शेवटी प्रकरण अपात्र ठरलं. पैसा मिळाला नाही आणि घर मात्र चावडीवर उघडं पडलं. तिची लेक मला म्हणाली होती, "बाबा आम्हाला सांगत नव्हता तो लाजेपायी, अन् आईनं सांगितलं ते कागदापायी." लपवणं आणि सांगणं या दोन्हींची कारणं इतकी साधी असतात, हे मला तिच्याकडून कळलं. आपण उगाच स्वभाव शोधत बसतो.

आमच्या घरी गोष्ट फुटली ती माझ्या मुलामुळे. १ जुलै २०२३ ला केंद्र सरकारनं मध्य प्रदेशात शहडोलला सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू केली. २०४७ पर्यंत हा रोग संपवायचा आणि त्यासाठी आधी चाळिशीपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करायची, असं तिचं उद्दिष्ट. त्या हिवाळ्यात शाळेत रक्त घ्यायला आले. मुलगा तेरा वर्षांचा. कार्ड मिळालं त्या संध्याकाळी घरात पाऊल टाकल्या टाकल्या, दप्तर न उतरवताच, त्यानं सगळ्यांसमोर विचारलं, "माझं पिवळं आलं. हे आईकडून की बाबाकडून?"

क्रिकेटचा स्कोअर विचारावा तसं विचारलं. शाळेत त्यांना तक्ता काढून शिकवलं होतं, तक्त्यात त्याला एक जागा भरायची होती, बस. सासूबाई वाती वळत होत्या. नवरा माझ्याकडे पाहत होता. मी म्हटलं, "माझ्याकडून. मला २०१० पासून माहीत आहे." नवरा त्या रात्री फार बोलला नाही. दोन दिवसांनी गाडी पुसता पुसता म्हणाला, "सगळ्यांच्याच नवऱ्यांचं घेतात काय!" आणि हसला. ते हसणं पूर्ण माफीचं होतं असं मी म्हणणार नाही.

खरी गंमत दुसऱ्या दिवशी झाली. दुपारी घरात आम्ही दोघीच. सासूबाई समोर लाखोरीची भाजी खुडत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तुह्या सासऱ्यासंगं माहा पाट लागला बाई. लगन त्याच्या आंधी झालतं."

पंधराव्या वर्षी त्यांचं लग्न झालं. सहा महिन्यांत नवरा साप चावून गेला. दोन वर्षांनी पाट, म्हणजे विधवेचं दुसरं लग्न, लावून दिला. पाट रात्री लावत, दिवसाचं तोंड त्याला दाखवत नसत. त्यांना आठवतो तो एक कंदील आणि कुणाच्या तरी हातातली घोंगडी. पहिल्या माणसाचा चेहरा आठवत नाही, फक्त तो पायरीवर बसून बिडी प्यायचा ते आठवतं. पुढे घर वर आलं, पोरं शिकली, आणि ज्या समाजात पाट ही रीतच होती त्यालाही पाटाची लाज वाटायला लागली. त्यांच्या चारही लेकरांना यातलं काही ठाऊक नाही.

शेजारून वाटी आली की ती रिकामी परत पाठवायची नाही, काहीतरी घालूनच पाठवायची. सासूबाईंनी माझी वाटी भरून परत केली, असं मला तेव्हा वाटलं. माणसं आपलं झाकलेलं का सांगतात याबद्दल पुष्कळ थोर कारणं देता येतील. मन मोकळं होतं, ओझं उतरतं, वगैरे. मी पाहिलं ते इतकंच, की समोरच्यानं आधी काहीतरी ठेवल्याशिवाय आमच्या बाया पदराची गाठ सोडत नाहीत. हे लिहायच्या आधी त्यांना विचारलं. म्हणाल्या, "लिवतेस तं लिव. पर त्याले वाचाले देऊ नोको." नवरा माझं लिहिलेलं वाचत नाही, त्यामुळे तूर्त काळजी नाही.

आता यंदाच्या दिवाळीचं. भाऊबीज झाली की आमच्या झाडीपट्टीत मंडई, म्हणजे गावजत्रा, भरते. आज या गावची, उद्या त्या गावची. दिवसा दंडार, रात्री नाटक, आणि घर पाहुण्यांनी भरलेलं. मंडईला पाहुणे येतात ते निम्मे सोयरिकीच्या बोलण्यासाठी. (नाटकांबद्दल एक सांगते. रात्री दहाला सुरू झालेलं नाटक पहाटेपर्यंत चालतं, आणि शेवटच्या अंकात घराण्याचं काहीतरी गुपित हमखास बाहेर येतं. सगळं गाव ढसाढसा रडतं. मग घरी येऊन आपापली कवाडं लावून घेतं.)

मोठीआई आता पंच्याहत्तरीची. मोठे बाबा जाऊन सहा वर्षं झाली. दादाच्या मोठ्या बहिणीची मुलगी, आमची भाची, बावीस वर्षांची, नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिच्यासाठी लाखांदूरकडचं एक स्थळ आलं होतं. मंडईच्या सकाळी ती आजीजवळ जाऊन बसली आणि म्हणाली, "आजी, मामाला सिकलसेल होता ना?"

इतक्या वर्षांत हे कुणी विचारलंच नव्हतं. आम्ही सगळे "कशानं गेला" असं विचारायचो आणि "कावीळ" ऐकून गप्प बसायचो. रोगाचं नाव घेऊन विचारणारी ही पहिलीच.

मोठीआई उठली. सपरीतल्या पत्र्याच्या पेटीतून लुगड्यांच्या खालून एक प्लॅस्टिकची पिशवी काढली. तिच्यात दादाचा नागपूरचा कागद होता, घड्यांवर फाटलेला, इंग्रजीत. जाळला नव्हता. आणि त्या कागदाच्या आत तिचं स्वतःचं पिवळं कार्ड. कधीतरी आशाताईंनी शिबिरात नेऊन तपासणी करवली होती. इतकी वर्षं तिनं दोन्ही एकाच घडीत ठेवले होते.

"हे माहं पिवरं कार्ड," ती भाचीला म्हणाली. "तुह्या मामाले माह्याकडून अन् बुढ्याकडून आलं. मले मालूम होतं."

भाचीनं कागद वाचला, शहाण्या मुलीसारखी मान हलवली. मी चुकून बोलून गेले, "मोठीआई, सांगायचं होतं गं आम्हाला." तिनं माझ्याकडे पाहिलं. तिला माझं म्हणणं ऐकू गेलं की नाही कोण जाणे. तिचं मन भलतीकडेच होतं.

"त्याले रोवण्यात कामचोर मनायची मी," ती म्हणाली. "सगऱ्या बायांसमोर. थो हसे."

मग तिनं पिशवीची गाठ मारली, सोडली, पुन्हा मारली.

संध्याकाळी नाटकाच्या मंडपात जायची तयारी चालली होती. भाचीचं स्वतःचं कार्डही पिवळंच आहे. तिनं ओसरीवरच्या दिव्याखाली ते धरलं, मोबाईलवर फोटो काढला आणि कुणालाही न विचारता लाखांदूरच्या मुलाला पाठवून दिला. खाली लिहिलं, "माझं हे. तुमचं?" तिची आई, म्हणजे माझी चुलतबहीण, कपाळावर हात मारून आत निघून गेली. दोन टिका निळ्या झाल्या. वर "टाइपिंग" आलं, गेलं, पुन्हा आलं, गेलं.

मंडपातून तबल्याचा आवाज यायला लागला होता. मोठीआईला वाचता येत नाही. ती भाचीच्या खांद्यावरून त्या उजळलेल्या काचेकडे पाहत उभी होती. थोड्या थोड्या वेळानं विचारायची,

"का मनते थो?"